पोस्टाने पाठवलेली पेनं आणि १९६३चं बर्मिंगहॅम

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम म्हटलं की कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या मोर्चांवर सोडलेले पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे फवारे डोळ्यासमोर येतात, पण त्याआधी तीन वर्षं वॉशिंग्टनकडे किती विनवण्या गेल्या ते माहीत असल्याशिवाय त्या फोटोंमधली शाळकरी पोरं रस्त्यावर का उतरली ते कळतच नाही.

१९६०च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात जॉन केनेडी म्हणाले होते, घरांच्या बाबतीतला वर्णभेद राष्ट्राध्यक्ष एका सहीत थांबवू शकतो. निवडून आले, पण सही काही होईना, तेव्हा लोकांनी चिडून व्हाइट हाऊसला पोस्टाने पेनं पाठवायला सुरुवात केली. शेवटी २० नोव्हेंबर १९६२ला सही झाली, तीही सरकारी मदत असलेल्या घरांपुरती.

त्याआधी मे १९६१मध्ये अलाबामात बसप्रवासातला वर्णभेद मोडायला निघालेल्या फ्रीडम रायडर्सची बस जाळली होती. २१ मेच्या रात्री तर मॉन्टगोमेरीच्या चर्चमध्ये शेकडो माणसं अडकलेली, बाहेर जमाव दगड मारतोय आणि चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग आतून राष्ट्राध्यक्षांचे भाऊ आणि न्याय खात्याचे प्रमुख असलेल्या अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींशी फोनवर बोलतायत. केंद्राचे मार्शल, म्हणजे पोलीस अधिकारी, आले, म्हणून माणसं वाचली, हे मान्यच. पण दोन-तीन दिवसांत त्याच रॉबर्ट केनेडींनी रायडर्सना सांगितलं, आता जरा थांबा, वातावरण निवू द्या. त्यावर रायडर्सचे एक संयोजक जेम्स फार्मर यांचं उत्तर होतं की आम्ही साडेतीनशे वर्षं निवतोच आहोत. मला हे उत्तर अजून लागतं.

१७ मे १९६२ला किंगनी लेखी मागणी पाठवली, लिंकननी गुलामगिरीविरुद्ध काढला तसा जाहीरनामा आता वर्णभेदाविरुद्ध काढा. तो निघाला नाही.

मग १२ एप्रिल १९६३, गुड फ्रायडे, किंग बर्मिंगहॅमच्या तुरुंगात एकांतकोठडीत, घरी त्यांची बायको कोरेटा पंधरा दिवसांच्या बाळाला घेऊन, नवऱ्याची काही खबर नाही. तिने व्हाइट हाऊसला फोन लावला, सोमवारी राष्ट्राध्यक्षांचा फोन आला आणि त्यानंतर कुठे किंगना घरी बोलू दिलं. काळजी खरी असेल, पण कायद्याचं नाव नव्हतं. २ मेपासून पोरं बाहेर पडली, हजारावर मुलं तुरुंगात गेली, तेव्हा वॉशिंग्टनने न्याय खात्यातले अधिकारी बर्क मार्शल यांना बोलणी करायला धाडलं, आणि ११ जूनच्या रात्री केनेडींनी टीव्हीवरून नागरी हक्कांचा कायदा आणायचं जाहीर केलं. त्यावर सही व्हायला २ जुलै १९६४ उजाडलं, तीही केनेडींनंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची.

११ जूनचं ते भाषण मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये चळवळीतले कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांच्या घरीही चालू होतं, बाबा आले की बोलायचं म्हणून मुलं जागी होती. मध्यरात्रीनंतर गाडी दारात आली आणि एव्हर्स उतरतायत तेवढ्यात पाठीत गोळी लागली.