वणवा विझतो डिसेंबरात

महाराष्ट्राचा वन विभाग आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतो. वणव्याच्या बातम्याही याच काळात येतात. पण कोणता डोंगर जळणार आणि कोणता वाचणार, याचा बराचसा निकाल त्याच्या दोन महिने आधी लागलेला असतो. डिसेंबरात जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी, नीट काढली असेल तर एप्रिलचा वणवा दहा-वीस माणसांच्या आवाक्यात राहतो. काढली नसेल तर शंभर माणसं डोंगर चढली तरी धुराच्या मागे धावत राहतात.

बांबूवर बांबू घासून वणवा पेटतो, असं सह्याद्रीत अजूनही ऐकू येतं. विजेचं म्हणाल तर वळवाच्या विजा बहुतेक पावसासोबतच येतात, आणि डोंगर जळायला लागतात फेब्रुवारीत. इथला वणवा माणूस लावतो, कधी मुद्दाम तर कधी हलगर्जीपणाने. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवतात, त्यातली ठिणगी बांध ओलांडते. मेळघाटाकडे मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणूनही पेटवतात. रस्त्याकडेला फेकलेली विडी आणि गडावर चुलीत तसेच सोडलेले निखारे आहेतच. सगळ्यांत चिवट कारण मात्र एक समजूत आहे: जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं.

ही समजूत अर्धी खरी आहे, म्हणूनच ती मरत नाही. जळालेल्या ठोंबातून हिरवे कोंब लवकर नजरेला पडतात, कारण त्यांना झाकणारं वाळलेलं गवत उरलेलं नसतं. राखेत पालाश आणि स्फुरद असतं हेही खरं. पण गवतातलं नत्र धुराबरोबर हवेत गेलेलं असतं आणि उतारावरची राख पहिल्या जोरदार सरीत ओढ्याला मिळते. शिवाय जाळल्यानंतर येतं ते गवत कोणतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

कुसळी या गवताचं पिकलेलं बी तळहातावर घेऊन पाहा. एका टोकाला अणकुचीदार दाणा, त्यावर मागे वळलेले बारीक केस; दुसऱ्या टोकाला लांब, पिळलेलं आणि मध्येच वाकलेलं कुसळ. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की थोड्या वेळात पीळ सुटू लागतो आणि कुसळ आपोआप गोल फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर दाणा असा फिरत फिरत मातीत शिरतो, आणि केस त्याला मागे येऊ देत नाहीत. गवताची आग एका जागी फार टिकत नाही, त्यामुळे बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर तिची धग फारशी पोहोचत नाही. वर पडलेलं इतर गवतांचं बी जळतं, कुसळीचं सुखरूप राहतं. दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर कुसळी माजते ती अशी. पवन्या, मारवेल ही जनावरं आवडीने खातात ती गवतं मागे पडतात. चराईचा भार असेल तर आणखी लवकर. कुसळी फुलोऱ्यावर आली की जनावर तोंड लावत नाही, कारण कुसळं हिरड्यांत आणि कातडीत घुसतात. चाऱ्यासाठी लावलेली आग चाराच बिघडवते.

झाडांचा हिशेब वेगळा. पळस, कुंभा, आवळा, ऐन ही आपल्या उघड्या डोंगरांवरची झाडं आगीला सरावलेली आहेत: साल जाड, मूळ दमदार. एखादा वणवा त्यांना मारत नाही. पण ऐनाचं कमरेएवढं रोप जळालं की ते मुळापासून पुन्हा फुटतं, पुढच्या वर्षी पुन्हा जळतं, पुन्हा फुटतं. वीस वर्षांचं मूळ आणि एका वर्षाचा कोंब, अशी रोपं शोधली तर सापडतात. ज्वाळेच्या वर शेंडा आणि जाड साल यायला त्याला सलग काही वर्षं सुट्टी लागते, आणि नेमकी तीच मिळत नाही. जांभूळ, अंजनी, पिसा अशा सदाहरित राईतल्या झाडांना तर ही सवयच नाही. महाबळेश्वर, भीमाशंकरकडे राईची कड उघड्या गवताळ सड्याला भिडते, तिथे दर वणव्यागणिक काठाची झाडं जातात आणि राई आत सरकते. पुण्याच्या टेकड्यांवर आणखी एक भर आहे ती गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची). या झाडाची पानं हिवाळ्यात गळतात आणि ऐन उन्हाळ्यात टेकडीवर कोरड्या पाल्याचा थर तयार असतो.

आता जाळरेषा. जंगलाच्या हद्दीवर, रस्त्यांच्या कडेने, गावाकडून येणाऱ्या पायवाटांलगत आणि मोठ्या वनक्षेत्राचे तुकडे पाडत ही मोकळी पट्टी काढतात. रुंदी जागेनुसार ३, ६ किंवा १२ मीटर असते. गवत छातीएवढं वाढणाऱ्या उतारावर ३ मीटरची रेषा शोभेची. तिथे रुंदीत काटकसर करू नये. रेषा शक्यतो डोंगराच्या सोंडेवरून न्यावी. धारेवर पोहोचलेल्या आगीचा जोर ओसरतो, कारण पलीकडे तिला उतरायचं असतं. मध्य उतारावर आडवी काढलेली रेषा सगळ्यांत कुचकामी. वरून जळता ओंडका किंवा वाळलेलं शेण गडगडत खाली आलं की रेषेच्या पलीकडे नवी आग सुरू.

कामाचा क्रम चुकला तर रेषा काढतानाच वणवा लागतो. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर या काळात उभं गवत अजून पुरतं वाळलेलं नसतं. तेव्हा ठरलेल्या पट्टीतलं गवत जमिनीलगत कापायचं आणि पट्टीच्या मध्यभागी ओढायचं. दोन्ही कडांना मीटरभर जागा झाडून अगदी माती दिसेपर्यंत साफ करायची. कापलेलं गवत आठ-दहा दिवसांत कडकडीत वाळतं, बाजूचं उभं गवत मात्र ओलसर असतं, आणि या फरकावरच सगळं काम उभं आहे. मग वारा पडलेला पाहून, पहाटे दव असताना किंवा सूर्य मावळल्यावर, मधला ढीग थोडा थोडा पेटवायचा. उतारावर नेहमी वरून सुरुवात करायची आणि खाली येत जायचं. दोन्ही कडांना झोडपायला माणसं आणि पाठीवरचे पाण्याचे पंप हवेत. हे काम जानेवारीअखेरपर्यंत लांबलं की बाजूचं गवतही वाळलेलं असतं. मग जाळण्याचा मोह सोडून कापलेलं गवत उचलून न्यावं. खरं तर गावाला चारा हवा असेल तर तेच उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत कापून न्यायची मुभा गावकरी आणि वन विभाग यांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत मिळाली, तर रेषा फुकट निघते आणि वैरण घरी येते.

डिसेंबरात काढलेली रेषा मार्चमध्ये पाहायला कुणी जात नाही, ही नेहमीची चूक. तोवर साग, ऐन, पळस यांची पानगळ झालेली असते आणि स्वच्छ पट्टीवर पाल्याची सलग गादी पसरलेली असते. कागदावर रेषा पूर्ण, जमिनीवर शून्य. मार्च-एप्रिलमध्ये किमान दोनदा ती झाडावी लागते. पाला झाडायला ब्लोअर फार उपयोगी; एक यंत्र कितीतरी झाडूंचं काम करतं.

आग लागल्याची खबर आता उपग्रहांकडूनही मिळते. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की आपल्या भागातल्या आगीचे इशारे मोबाइलवर येतात. जुन्या मोडिस संवेदकाचा एक ठिपका १ किलोमीटरचा, तर नव्या व्हीआयआयआरएस संवेदकाचा ३७५ मीटरचा. म्हणजे इशाऱ्यातलं ठिकाण नेमकं झाड दाखवत नाही, डोंगराची एक बाजू दाखवतं. शिवाय व्हीआयआयआरएस वाहणारे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. दुपारी ४ला लागून रात्री १०ला विझलेला वणवा त्यांना दिसतच नाही. म्हणून टेकडीवर रोज फिरणाऱ्या माणसाचा फोन अजूनही जास्त मोलाचा. वन विभागाचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक लक्षात ठेवावा, आणि आपल्या भागाच्या (नियतक्षेत्राच्या) वनरक्षकाचा नंबर हंगामाआधीच घेऊन ठेवावा. फोनवर गाव, डोंगराची कुठली बाजू, ज्वाळा किती उंच, वारा कुठून आणि गाडी कुठवर जाते एवढं सांगितलं की पुरे. धुराचा फोटो पाठवून गप्प बसल्याने काही होत नाही.

विझवायला जाण्याआधी उतार समजून घ्या. पेटलेली काडी टोक खाली करून धरली की ज्योत बोटांकडे झेपावते; चढावर आगीचं हेच होतं. ज्वाळा वरच्या गवतावर झुकते आणि ते आधीच तापवून ठेवते. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. दिवसा वारा दरीतून वर वाहतो, त्याची भर वेगळी. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहू नये, घळीत तर अजिबात नाही. सुरुवात शेपटाकडून, म्हणजे आगीच्या मागच्या टोकाकडून करायची, जळून काळी झालेली जमीन पाठीशी ठेवायची आणि दोन्ही बगलांनी पुढे सरकत तोंड अरुंद करत न्यायचं. पळायची वेळ आली तर त्या काळ्या जमिनीवर जायचं. तिथे पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं.

ज्वाळा साधारण चार फुटांच्या आत असतील तरच हिरव्या डहाळ्यांनी किंवा ओल्या गोणपाटाने झोडपणं जमतं. त्याहून उंच असतील तर मागे सरून पुढची पायवाट, ओढा किंवा जाळरेषा गाठावी. झोडपताना डहाळी डोक्यावरून आपटू नये, ठिणग्या उडतात. ती ज्वाळेच्या बुडाशी दाबून जळालेल्या बाजूला ओढायची. ब्लोअरचं तोंडही तसंच खाली आणि काळ्या बाजूकडे तिरपं ठेवायचं. पातळ पाल्यात ब्लोअर कमाल करतो, गुडघ्यावरच्या गवतात मात्र तोच आगीला फुंकर घालतो. अंगात जाड सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. टेरिकॉट किंवा ट्रेकिंगचे नायलॉनचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. पायात चामड्याचे बूट आणि माणशी किमान दोन लिटर प्यायचं पाणी. समोरून आग लावून वणवा अडवायचा प्रकार प्रशिक्षित पथकावर सोपवावा. हौशी लोकांनी लावलेली अशी आग हा दुसरा वणवाच असतो.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या की लोक टाळ्या वाजवून उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच डोंगर पुन्हा पेटतो. रात्रभर धुमसत राहतात ती वाळलेली शेणं, कुजके बुंधे आणि पोकळ झाडं. जळतंय असं काही दिसत नाही, धूरही नाममात्र. शेवटच्या दोघा-तिघांनी कडेच्या आतला दहा-पंधरा मीटरचा पट्टा पायी तपासायचा. संशय आला तिथे तळहाताची मागची बाजू जमिनीच्या थोडी वर धरायची, ऊब लगेच कळते. शेण काळ्या जमिनीत आत लोटायचं, बुंधा फोडून पाणी आणि माती मिसळायची. नुसती माती टाकली तर आतला निखारा झाकला जातो आणि टिकतो. दुसऱ्या दिवशी साडेदहा-अकराला, म्हणजे दव उडून वारा सुरू होण्याच्या वेळी, पुन्हा एक फेरी हवीच.

राबाची आग थांबवायची तर शेतकऱ्याला नुसतं रागावून भागत नाही. चारसूत्री भात पद्धतीत राब न भाजता रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख घालतात. राब भाजायचाच असेल तर चहूबाजूंनी दोन मीटर मोकळं करून, वारा नसताना सकाळी, शेजारी पाणी ठेवून भाजावा. अभयारण्यात आग लावणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या कलम ३०नुसार गुन्हा आहे आणि राखीव वनात भारतीय वन अधिनियम १९२७च्या कलम २६नुसार. पण ज्याला हंगामाआधी गवत कापून न्यायला मिळालं, तो सहसा काडी ओढत नाही.

जळालेल्या डोंगरावर जूनमध्ये खड्डे खणून झाडं लावायची घाई होते. ती टाळावी. एक पावसाळा थांबून मुळापासून काय फुटतं ते पाहा. जिथे ऐन, कुंभा, आवळा आपणहून फुटले आहेत, तिथे रोपवाटिकेतलं रोप आणून काही साधत नाही. अशा प्रत्येक फुटव्याशेजारी एक काठी रोवा, पावसाळाभर जनावरं वळवून ठेवा. अनेक कोंब असतील तर सरळ, जोमदार एकच ठेवून बाकीचे छाटा, आणि नोव्हेंबरात त्याच्या भोवती मीटरभर त्रिज्येचं गवत काढून टाका. पाला मार्चमध्ये पुन्हा एकदा बाजूला सारावा लागतो. दोन माणसं एका सकाळी असे तीस-चाळीस फुटवे साफ करू शकतात.