फाइलकॉइन : रिकाम्या जागेच्या पुराव्यापासून हाताशी असलेल्या डेटापर्यंत

विकेंद्रित डेटा-साठवणुकीच्या सर्वांत मोठ्या जाळ्यांपैकी एक असलेल्या फाइलकॉइनमध्ये २०२५ साली लागोपाठ दोन महत्त्वाचे बदल झाले. एप्रिलमध्ये व्यवहारांवर लवकर शिक्कामोर्तब करणारी ‘एफ३’ ही यंत्रणा लागू झाली आणि मे महिन्यात ‘पीडीपी’ (प्रूफ ऑफ डेटा पझेशन, म्हणजे डेटा ताब्यात असल्याचा पुरावा) ही नवी पुरावा-पद्धत सुरू झाली. साठवलेला डेटा मूळ स्वरूपात, लगेच वाचता येईल असा पुरवठादाराकडे, म्हणजे मोबदला घेऊन डेटा साठवणाऱ्याकडे, आहे की नाही, हे ती तपासते. साठवणुकीचे जाळे सुरू होऊन साडेचार वर्षे झाल्यावर ही तपासणी यावी, याचे आश्चर्य वाटू शकते. त्याचे उत्तर या जाळ्याने आरंभी बक्षीस कशासाठी द्यायचे ठरवले, त्या निर्णयात आहे.

एकमेकांना न ओळखणाऱ्या संगणकांनी मिळून फाइली सांभाळण्याची कल्पना जुनीच आहे. २००१ मध्ये आलेल्या बिटटोरंटने मोठ्या फाइलींचे वाटप सोपे केले, पण मागणी ओसरलेली फाइल सांभाळण्यात कोणाचाच लाभ नसल्यामुळे ती हळूहळू जाळ्यातून नाहीशी होई. हुआन बेनेट यांच्या प्रोटोकॉल लॅब्जने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आयपीएफएसने फाइलीचा पत्ता तिच्या ठिकाणावरून न ठरवता तिच्या आशयाच्या हॅशवरून, म्हणजे आशयातून गणिताने काढलेल्या ठशावरून, ठरवला. त्यामुळे मिळालेली फाइल तीच आहे की नाही, हे कोणालाही पडताळता येऊ लागले. मात्र ती उद्या कोणाकडे तरी असेलच, याची हमी आयपीएफएसही देत नव्हते. ही उणीव मोबदल्याने भरून काढावी, या विचारातून फाइलकॉइनचा पहिला आराखडा २०१४ मध्येच मांडला गेला होता. २०१७ मध्ये सुधारित आराखडा आला, त्याच वर्षी टोकनच्या, म्हणजे जाळ्याच्या स्वतःच्या आभासी चलनाच्या, विक्रीतून सुमारे २५.७ कोटी डॉलर उभे राहिले आणि प्रत्यक्ष जाळे १५ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले.

मोबदला द्यायचा म्हटले की लबाडीचा प्रश्न येतोच. एकच प्रत ठेवून दहा प्रतींचे पैसे घेणे, किंवा काहीच न ठेवता विचारणा होताच डेटा दुसरीकडून आणून दाखवणे, हे संगणकाला मुळीच अवघड नाही. यावर फाइलकॉइनने शोधलेला तोडगा म्हणजे सीलिंग. पुरवठादाराने ३२ किंवा ६४ गिबीबाइटचा (गिबीबाइट म्हणजे जवळपास गिगाबाइटच) एक ‘सेक्टर’ भरायचा आणि त्यावर अशी संगणकीय प्रक्रिया करायची, की तिला मुद्दामच बराच वेळ लागावा आणि तिच्यातून निघणारी प्रत इतर कोणत्याही प्रतीपेक्षा वेगळी असावी. ही प्रत ऐनवेळी नव्याने तयार करणे शक्य नसते. त्यानंतर दर २४ तासांत प्रत्येक सेक्टरचा पुरावा साखळीवर, म्हणजे जाळ्याच्या सामायिक नोंदवहीवर (ब्लॉकचेनवर), नोंदवावा लागतो आणि तो चुकला तर पुरवठादाराने ठेवलेल्या तारणातून दंड कापला जातो. गणिती रचना म्हणून हे काम अव्वल दर्जाचे आहे. परंतु ज्या संथपणामुळे लबाडी अशक्य होते, त्याच संथपणामुळे सील केलेला डेटा परत वाचणेही वेळखाऊ होते. ज्यांना डेटा चटकन द्यायचा असे, त्यांना त्याची दुसरी, सील न केलेली प्रत स्वखर्चाने ठेवावी लागे.

याहून खोल अडचण बक्षिसाच्या हिशेबात होती. नवे टोकन मिळण्याची शक्यता पुरवठादाराने सिद्ध केलेल्या जागेच्या प्रमाणात ठरत असे, आणि त्या जागेत कोणाचा डेटा आहे की नुसतीच भरताड आहे, याने मूळ हिशेबात फरक पडत नसे. परिणामी क्षमता प्रचंड वाढली. २०२२ पर्यंत ती १५ एक्सबीबाइटच्या (एक एक्सबीबाइट म्हणजे सुमारे १०७ कोटी गिबीबाइट) पुढे गेली, पण ग्राहकांचा डेटा तिच्या मानाने अगदी थोडा होता. फाइलकॉइन प्लस या योजनेने त्यावर उपाय केला. पडताळलेल्या ग्राहकाच्या डेटाला बक्षिसाच्या हिशेबात दहापट वजन मिळू लागले. आता ‘पडताळलेला’ ग्राहक कोणता, हे गणित सांगू शकत नाही. ते माणसांनाच ठरवावे लागते. साहजिकच, पुरवठादारच ग्राहकाचे सोंग घेतात का आणि वाटपाचे अधिकार कोणाच्या हाती असावेत, हे वाद समुदायात सतत होत राहिले. विश्वासाची गरजच पडू नये म्हणून उभारलेल्या रचनेत विश्वास असा मागच्या दाराने परत आला, असे माझे मत आहे.

पुरवठादार आणि जाळ्याचे रचनाकार यांच्यातील ताण तर पहिल्या आठवड्यापासूनचा. बक्षिसाची रक्कम १८० दिवसांत थोडी थोडी हाती येणार आणि तारण मात्र आधी भरायचे, अशी मूळ अट होती. विशेषतः चीनमधील मोठ्या पुरवठादारांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवल्यावर २५ टक्के बक्षीस तत्काळ देण्याची दुरुस्ती झाली. २०२२ मध्ये, सेक्टर अधिक काळासाठी बांधून ठेवणाऱ्यांना जास्त बक्षीस देण्याच्या ‘एफआयपी-३६’ या सुधारणा-प्रस्तावावर मतचाचणी झाली आणि तो फेटाळला गेला. पुढे २०२३ मध्ये सेक्टरची कमाल मुदत दीड वर्षावरून साडेतीन वर्षे झाली खरी, पण वाढीव बक्षिसाशिवाय. टोकनचा भाव उतरल्यावर अनेकांना मुदत संपलेले सेक्टर पुन्हा बांधणे परवडेना आणि एकूण क्षमता घटत गेली. जी क्षमता गेली तिच्यातील मोठा भाग रिकामाच होता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

२०२३च्याच मार्चमध्ये एफव्हीएम (फाइलकॉइन व्हर्च्युअल मशीन) आले आणि साखळीवर स्मार्ट करार, म्हणजे अटी पूर्ण होताच आपोआप चालणारे प्रोग्रॅम, लिहिता येऊ लागले. करार आले तसा शिक्कामोर्तबाचा विलंब जाचक ठरू लागला, कारण व्यवहार पक्का मानण्यासाठी ९०० टप्पे, म्हणजे साडेसात तास, थांबावे लागत असे. एफ३ने हा अवधी काही मिनिटांवर आणला.

पीडीपीमध्ये सीलिंग नाही. पुरवठादाराला डेटाच्या यादृच्छिक निवडलेल्या लहान तुकड्यांचा पुरावा द्यावा लागतो आणि डेटा वाचनासाठी तयार राहतो. मात्र ही प्रत इतर प्रतींहून स्वतंत्र आहे, हे पीडीपी सिद्ध करत नाही, त्यामुळे तिच्यावर नवे टोकनही मिळत नाहीत. पुरवठादाराची कमाई ग्राहकाने भरलेल्या शुल्कातूनच होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेली ‘फाइलकॉइन ऑनचेन क्लाउड’ ही सेवा याच पायावर, साखळीवरील शुल्क-भरणा जोडून उभी आहे. सील केलेले सेक्टर आणि त्यांवरील बक्षिसे मात्र पूर्वीप्रमाणेच चालू आहेत, आणि साखळीची सुरक्षितता आजही त्यांच्यावरच अवलंबून आहे.