चिनी भाषेत शब्द कसेही मांडून चालतात का?

चिनी भाषेला व्याकरणच नाही, शब्द कसेही ठेवले तरी चालतात, हा समज बराच जुना असून त्याचे मूळ एवढेच की त्या भाषेत विभक्तिप्रत्यय नाहीत आणि क्रियापद काळ-पुरुषानुसार बदलत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ‘कुत्रा माणसाला चावला’ हे आपण ‘माणसाला कुत्रा चावला’ असे फिरवले तरी ‘ला’ अर्थ सांभाळतो. चिनीत मात्र ‘कौ याओ रन’चे ‘रन याओ कौ’ केले की माणूसच कुत्र्याला चावतो.

कर्ता, क्रियापद, कर्म हा मूळ क्रम पाहून तो सर्वस्वी इंग्रजीसारखा आहे असे मानणेही चूकच. ‘मी काल बेजिंगमध्ये पुस्तक घेतले’ हे वाक्य ‘वो त्स्वोथ्येन त्साय पेइचिंग माय ल शू’ असे होते, म्हणजे ‘काल’ आणि ‘बेजिंगमध्ये’ हे शब्द मराठीप्रमाणेच क्रियापदाआधी येतात, आणि फक्त ‘शू’ म्हणजे पुस्तक तेवढे शेवटी जाते. ‘मी घेतलेले पुस्तक’ तर ‘वो माय त शू’ असे जवळजवळ शब्दाला शब्द जुळते. इथे मराठी माणसाने इंग्रजीमार्गे जाणे म्हणजे निव्वळ द्राविडी प्राणायाम.