अनामिका एकटी का उचलली जात नाही?

सध्या फॅमिली ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरून राहिलाय, अनामिका वाकवून अंगठ्याने दाबा, ही सूर्यमुद्रा, यानं वजन उतरतं, थायरॉईड पण बरा होतो. याला काहीही भक्कम पुरावा नाही, थायरॉईडची गोळी या नादात बंद करू नका प्लीज. अनामिकेतून नस थेट हृदयात जाते असं रोमन लोकही मानायचे, पण तशी खास नस नसतेच.

हाताच्या खुणांमागचं खरं शरीरशास्त्र यापेक्षा कितीतरी भारी आहे. आत्ताच करून बघा. तळहात टेबलावर टेकवा, मधलं बोट दुमडून आत घ्या. आता अंगठा उचला, मग तर्जनी, मग करंगळी, सगळे आरामात उठतात. आता अनामिका उचला... बहुतेकांची हलतच नाही!

बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते असतात कोपर ते मनगट या भागात, आणि तिथून कंडरा म्हणजे चिवट दोऱ्या बोटांपर्यंत येतात, कठपुतळीसारखं. तर्जनी ते करंगळी ही चारही बोटं सरळ करायला एकच स्नायू आहे, त्याच्या चार दोऱ्या, आणि हाताच्या मागच्या बाजूला या दोऱ्या आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या. मधलं बोट दुमडलं की त्याची दोरी पुढे ओढली जाते, पट्टीमुळे शेजारची अनामिकेची पण ओढली जाते आणि सैल पडते, मग स्नायूने कितीही जोर लावला तरी ताण बोटापर्यंत पोचत नाही. तर्जनी आणि करंगळीला मात्र सरळ व्हायला आपापला एक जादा स्नायू असतो, अंगठ्याचे तर सगळे वेगळेच. अनामिकेला तो जादा स्नायू नाही.

आता जगातल्या खुणा बघा. शाळेत करंगळी वर केली की बाई समजून जातात. तर्जनी आणि करंगळी वर, मधली दोन दुमडलेली, ही खूण इटलीत नजर उतरवायला करतात, कुणाकडे रोखली तर बायको फसवते म्हणून शिवी होते. टेक्सासच्या युनिव्हर्सिटीत ती 1955 पासून बैलाची शिंगं आहे. आणि बौद्ध मूर्तींमध्ये जवळपास हाच आकार म्हणजे करण मुद्रा, दुष्ट शक्तींना घालवणारी. अंगठा आणि करंगळी वर म्हणजे हवाईत आपुलकीचा नमस्कार, चीनमध्ये सहा आकडा. अमेरिकन सांकेतिक भाषेतली ‘आय लव्ह यू’ची खूण बघा, अंगठा, तर्जनी, करंगळी, तीच तीन मोकळी बोटं! कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषांमध्ये पण हाताला अवघड जाणारे आकार कमी वापरले जातात. अर्थ त्या त्या समाजाने दिला, पण माझं स्पष्ट मत आहे की कोणते आकार हाताशी येतील हे बऱ्याच अंशी या दोऱ्यांनी ठरवलं.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बुद्धमूर्तींची दुकानं लागतात, तिथे पुढच्या वेळी हात नीट बघा. अभय मुद्रेत सगळी बोटं सरळ, भूमिस्पर्श मुद्रेत हात फक्त खाली सोडलेला, कुणालाही सहज जमेल असे आकार.

भरतनाट्यममध्ये मात्र त्रिपताक नावाची हस्तमुद्रा आहे, अंगठा कडेला दुमडलेला, चार बोटांपैकी फक्त अनामिका वाकवायची आणि बाकी तिन्ही ताठ. नवीन मुलींची करंगळी हमखास सोबत वाकते, कारण वाकवणारा खोल स्नायूही ही बोटं वाटून घेतात. पट्ट्या सरावाने तुटत नाहीत, मेंदू प्रत्येक बोटाला वेगळा आदेश द्यायला शिकतो, त्याला वेळ लागतो.