मुळात मोठ्यांचीच: गुप्तहेर चित्रकथांची पार्श्वभूमी

पुण्यात रद्दीच्या दुकानांतून जुनी इंद्रजाल कॉमिक्स शोधणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेले बरेच भेटतात. लहानपणाची ओढ असतेच, पण यातल्या कितीतरी गोष्टी मुळात मोठ्यांसाठीच रचलेल्या होत्या.

अमेरिकेत गुप्तहेराची चित्रकथा रुजली ती दैनिकांत. चेस्टर गोल्डचा डिक ट्रेसी १९३१ मध्ये आला. पेपर विकत घेणार घरातला कर्ता माणूस, तेव्हा चित्रपट्टीनेही त्याला धरून ठेवायला हवं. १९४६ मध्ये अ‍ॅलेक्स रेमंडने रिप कर्बी आणला: चष्मा, पाइप आणि ठोशाआधी डोकं चालवणारा. त्याचा बटलर डेस्मंड तर पूर्वाश्रमीचा चोर!

रोजची पट्टी तीन-चार चौकटींची. पहिलीत कालचा धागा, मधे एक पाऊल पुढे, शेवटी उद्याचा पेपर उघडायला लावणारा पेच. अशा पट्ट्या जोडून पुस्तिका केली की कालचा धागा पुन्हापुन्हा येतो, म्हणून संपादक चौकटी गाळतात. साहसकथेत ते खपून जातं. रहस्यकथेत मात्र गाळलेल्या चौकटीतली राखदाणी किंवा अर्धवट उघडं दार हाच पुरावा असू शकतो, आणि मग शेवटचा उलगडा आभाळातून पडल्यासारखा वाटतो. मागची पानं उलटून पुरावा स्वतः हुडकणं हेच तर मोठ्या वाचकाचं खरं सुख.

भारतात टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये वेताळापासून (म्हणजे मूळचा फँटम) इंद्रजाल सुरू केलं. ते मराठीतही निघे. वेताळाचा मूळ बंगाला देश इथे डेंकाली झाला. पुढे जादूगार मॅन्ड्रेक आणि रिप कर्बी आले, १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला आणि १९९० मध्ये मालिका थांबली. पातळ, रंगीत पुस्तिका म्हणून आपण ती मुलांच्या खणात टाकली. मोठ्यांची रहस्यकथा मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या अक्षरांतच राहिली, आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे पुन्हा मुलांचाच.

जुना अंक घेताना आधी मधोमध उघडा. पावसाळी दमटपणाने पिना गंजतात, कागद तिथेच फाटतो आणि मधला जोडकागद सुटतो. एक जोडकागद म्हणजे चार पानं, तीही गोष्टीच्या ऐन मध्यातली. मुखपृष्ठ धड दिसलं तरी पृष्ठांक मोजूनच पैसे द्या.