सँडविचच्या पाटीवरची चिकटपट्टी

फोर्टातल्या ज्या गल्लीत मी गेली वीसेक वर्षं दुपारचं सँडविच खातो, तिथल्या ठेल्यावर पत्र्याची एक पाटी टांगलेली आहे. पदार्थांची नावं पेंटरने निळ्या रंगात रंगवलेली, भाव मात्र चिकटवलेले. भाव वाढला की पांढऱ्या चिकटपट्टीचा नवा तुकडा जुन्यावर बसतो आणि त्यावर मार्करने आकडा येतो. मागच्या पावसाळ्यात ‘मसाला टोस्ट’समोरचा ६० भिजून अर्धवट सुटला. त्याखाली ५० दिसला, त्याखाली ४०. नखाने जरा खरवडलं तर पार तळाशी २५. सँडविचवाला टोमॅटो चिरता चिरता म्हणाला, “मत निकालो साब, ऊपरवाला भी निकल जाएगा.”

वडापाव दोन रुपयांनी महागला तर मुंबईत बातमी होते. पुढारी बोलतात, कोपऱ्यावर चर्चा झडते. सँडविचचं तसं नाही. ते गुपचूप महागतं आणि थेट दहाने महागतं. याचं कारण मला बरीच वर्षं समजत नव्हतं. हावरटपणा हे सोपं उत्तर, पण शेजारचा वडापाववाला काही संत नाही. फरक मालात आहे. वडापावला लागतं ते बेसन, तेल, बटाटा, मिरची, पाव. बहुतेक सुटा माल. पोत्याने घेता येतो, घासाघीस करता येते, आज महाग म्हणून वडा थोडा लहानही करता येतो. सँडविचचा निम्म्याहून जास्त खर्च पाकिटबंद मालावर होतो: ब्रेड, बटर, चीज, केचप. पाकिटांवर कमाल किंमत छापायची सक्ती १९९० पासून आहे. घाऊकवाला त्यात दोन-चार टक्के सोडेल, त्यापुढे हात वर. थोडक्यात, वडापाव बाजारभावावर चालतो, सँडविच एमआरपीवर. म्हणून सँडविचच्या भावाची पार्श्वभूमी शोधायची तर ठेल्यापेक्षा त्या पाकिटांमागे जावं लागतं.

ब्रेडपासून सुरुवात करू. पाव पोर्तुगीजांनी आणला आणि पुढे गोव्याच्या नि इराण्यांच्या बेकऱ्यांनी मुंबईला त्याची सवय लावली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पावाचं सँडविच होत नाही. त्याला चौकोनी, यंत्राने कापलेला, सगळे काप सारखे असा ब्रेड लागतो, आणि तोही रोज शेकड्याने, एकाच मापाचा. तो सर्वसामान्य माणसाच्या हाती येण्यामागे धान्याचं राजकारण आहे. पन्नाशी-साठीच्या दशकांत अमेरिकेचा गहू पीएल-४८० या अन्नमदतीच्या करारातून बोटी भरभरून येत होता. भात खाणाऱ्या शहरांना गव्हाकडे वळवणं ही तेव्हाची सरकारी गरज होती. १९६५ साली केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली. सरकार ब्रेड भाजत होतं, हे आज सांगितलं तर कॉलेजची पोरं हसतात. मुंबईत त्याच्या जोडीला विब्ससारखे इथलेच ब्रेड होते आणि ठेल्यांवर अजूनही त्यांचं चालतं.

जानेवारी २००० मध्ये मॉडर्नचा ७४ टक्के हिस्सा सरकारने हिंदुस्तान लिव्हरला विकला. सरकारी कंपनीचा ताबा असा खासगी हातात जाण्याची ती सुरुवात होती. पुढे ती कंपनी आणखी दोनदा विकली गेली आणि २०२१ मध्ये मेक्सिकोच्या ग्रुपो बिंबोकडे पोचली. ब्रेड हा लघुउद्योगांसाठी राखीव माल होता, ते आरक्षणही एप्रिल २०१५ मध्ये उठलं. म्हणजे ज्या वस्तूचा भाव एके काळी धोरणाचा भाग होता, ती हळूहळू पूर्णपणे कंपन्यांच्या हिशेबात गेली. मग २०२२ साल आलं. युक्रेनचं युद्ध, त्यात मार्चमधल्या उष्णतेने उत्तरेतला गहू करपला आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. आमच्या पाटीवरचा ४० त्याच वर्षी ५० च्या खाली गाडला गेला.

पण ब्रेड हा सँडविचचा खरा खर्च नव्हे. खरा खर्च बटरचा. आणि बटरची गोष्ट मुंबईतूनच सुरू होते, हे फारसं कोणी लक्षात ठेवत नाही.

मुंबईला दूध पुरवण्यासाठी १९४५ मध्ये बॉम्बे मिल्क स्कीम आली आणि खेडा जिल्ह्यातलं दूध गोळा करायचा मक्ता पॉलसन कंपनीला मिळाला. पॉलसन म्हणजे पेस्तनजी एदलजी दलाल यांची कंपनी. तिचं बटर इतकं घरोघरी पोचलं होतं की मराठीत खुशामतीला ‘पॉलसन लावणं’ म्हणू लागले. आमच्या ऑफिसातले जुने लोक अजून म्हणतात. मक्त्यामुळे भाव पॉलसन ठरवणार आणि शेतकऱ्याने मुकाट घ्यायचा, हे खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना मानवलं नाही. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्याने, त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने त्यांनी दूध घालणंच बंद केलं. मुंबईची योजना अडली. १४ डिसेंबर १९४६ रोजी आणंदला सहकारी संघाची नोंदणी झाली आणि त्याच संघाचं बटर १९५५ पासून अमूल नावाने येऊ लागलं.

गंमत पुढे आहे. पॉलसनचं बटर आंबवलेल्या सायीचं, खारट, पिवळं. ताज्या सायीचं अमूल लोकांना मिळमिळीत लागलं. म्हशीच्या दुधाचं म्हणून ते पांढरंही. शेवटी अमूलला मीठ वाढवावं लागलं, रंग घालावा लागला. सँडविचला आज जी खारट, पिवळी चव आपण ‘असली’ समजतो, ती अशी पाडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडून उसनी आलेली आहे. मीठ असल्यामुळे ते ठेल्यावर दुपारभर टिकतं, हा सँडविचवाल्याचा फायदा. घरच्या लोण्याचं तिथे काम नाही.

ठेला उभा राहिला तो या दोन पाकिटांवर, आणि गिऱ्हाइकामुळे. गिरणगावात आणि स्टेशनांबाहेर वडापावने जागा धरली. सँडविच वाढलं ते ऑफिसांच्या आणि कापडबाजाराच्या पट्ट्यात, फोर्ट, चर्चगेट, काळबादेवीला. तिथला गुजराती, मारवाडी, जैन नोकरदार उपनगरातून यायचा. त्याला अंडं नको, मांस नको आणि तळणाचा वाससुद्धा नको. सँडविच शाकाहारी, डोळ्यांसमोर बनणारं, शर्टावर तेल न सांडणारं. जैन म्हटलं की बटाट्याऐवजी कच्चं केळं, कांदा आणि बीट बाद. पोटात बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट, कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी आणि प्रत्येक थरावर तो काळपट मसाला: जिरं, बडीशेप, दालचिनी, काळं मीठ. मग सुरीने सहा तुकडे. सादं सँडविच विस्तवाशिवाय होतं, ही त्याची आणखी एक खुबी. रस्त्यावर गॅस पेटवणाऱ्यांचे सिलिंडर महापालिकेची गाडी उचलून नेते, तेव्हा टोस्ट बंद पडतो, सादं चालूच राहतं.

टोस्ट आला आणि खर्चाचं गणित बदललं. आधी लोखंडी चिमटा आणि कोळशाची शेगडी, नंतर गॅस, नंतर विजेचं ग्रिल. मे २०२२ मध्ये १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर मुंबईत २,३०० रुपयांच्या वर गेला होता. सप्टेंबर २०२५ पर्यंत तो दीड हजाराच्या आसपास उतरला. पाटीवर मात्र काहीच उतरलं नाही. कोळशाचा जमाना तर संपतच आलाय. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिने दिले आणि बेकऱ्यांची पळापळ सुरू झाली.

भाज्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण सँडविचच्या भावाशी त्यांचा संबंध दिसतो तेवढा नाही. मे २०२३ मध्ये शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते, जुलैत तोच टोमॅटो दीडशे रुपये किलोच्या पुढे गेला. आमच्या ठेल्यावर भाव तोच राहिला. फक्त चार चकत्यांच्या दोन झाल्या, काकडी वाढली. सुटा माल असा सोसतो. पाकिटाला हे जमत नाही.

चीजने मात्र पाटीचा वरचा मजलाच बांधला. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत चीज टोस्ट ही पगाराच्या दिवसाची गोष्ट होती. आता पोरं येतात, “चीज मारके” म्हणतात, आणि किसलेल्या चीजचा ढीग पडतो. खाली सँडविच आहे की नाही ते चाचपून बघावं लागतं. शेजवान, पनीर, ‘जंगली’, तीन मजली ग्रिल असली सगळी नावं चीजच्या आधाराने उभी आहेत. माझं मत विचाराल तर चटणीचा त्याने खून केला. पण ठेलेवाल्याची कमाई तिथेच आहे, सादं सँडविच तर तो जवळजवळ गिऱ्हाईक टिकवण्यापुरतं विकतो.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी बटर आणि चीजवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अमूलचं १०० ग्रॅम बटर ६२ चं ५८ झालं, किलोभर चीजचा ठोकळा ५७५ चा ५४५. मी मोठ्या आशेने विचारलं, “आता कमी करणार ना?” तो हसला. दुपारी गर्दी ओसरल्यावर आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एका टोस्टला आतून-बाहेरून मिळून १५ ग्रॅम बटर धरा: आधी ९ रुपये ३० पैसे, आता ८ रुपये ७० पैसे. वाचले ६० पैसे. चीज ३० ग्रॅम: वाचले ९० पैसे. दोन्ही मिळून दीड रुपया, आणि तोही १२० रुपयांच्या चीज ग्रिलवर. ब्रेडवर जीएसटी आधीपासून नव्हताच, तेव्हा तिथे काही सुटायचा प्रश्न नाही. ठेलेवाला स्वतः जीएसटीच्या नोंदणीत नाही, म्हणून मालावर भरलेला कर त्याला परतही मिळत नाही.

दीड रुपया परत द्यायचा तर कसा? चिल्लर हा या गोष्टीतला न दिसणारा भाग. ३० जून २०११ नंतर चार आणे चलनातून गेले, पण रस्त्यावर पन्नास पैसेही त्याआधीच कोणी घेत नव्हतं. मग भाव पाचाच्या पटीत गेले, नंतर दहाच्या. नोटाबंदीच्या हिवाळ्यात ठेल्यावर क्यूआर कोडचं स्टिकर आलं आणि लॉकडाउननंतर रोख जवळपास थांबली. आता ६१ रुपये ५० पैसे फोनवरून सहज जातील, पण पाटीला दहाची सवय लागली ती लागलीच. खर्च पैशापैशाने वाढतो. ठेलेवाला वर्ष-दीड वर्ष दात-ओठ खाऊन सोसतो आणि मग एका रात्रीत चिकटपट्टी लावतो. त्या सकाळी आपल्याला वाटतं, याने आजच लुटायला सुरुवात केली.

आणि जागा. ती कुठल्याच पाकिटात येत नाही. फेरीवाल्यांच्या हक्काचा कायदा २०१४ मध्ये आला. त्याच वर्षी मुंबईत सर्वेक्षण झालं, जवळपास एक लाख अर्ज भरले गेले, पुढची वर्षं परवान्यांचा घोळ चालू राहिला. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने स्टेशनापासून १५० मीटर आणि शाळा-कॉलेजांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असं सांगितलं. सँडविचवाला नेमका कॉलेजच्या दाराशीच उभा असतो. मग गल्लीत उभं राहायचं म्हणून जो पैसा जातो त्याची पावती नसते. हिशेब मांडताना आमच्या माणसाने त्या ओळीत आकडा लिहिला नाही, नुसती आडवी रेघ मारली आणि खालच्या ओळीवर गेला.

२०२० च्या टाळेबंदीत तो गावी गेला होता. परतल्यावर फेरीवाल्यांसाठीच्या योजनेतलं दहा हजारांचं कर्ज काढून त्याने ग्रिल घेतलं आणि चीजचे चार पदार्थ एकदम वाढवले. नवी नावं पाटीच्या तळाशी दाटीवाटीने रंगवली आहेत. पेंटरने भावासाठी सगळीकडे दोनच आकड्यांची जागा सोडली होती. ‘चीज ग्रिल’समोरचा १२० आता चौकटीच्या बाहेर, पत्र्याच्या कडेवरून वळवून चिकटवलाय. समोरून बघितलं तर १२ दिसतं. नवं गिऱ्हाईक त्यावर खुशीने ऑर्डर देतं, आणि पैसे देताना वळून पाटी बघतं.