ठासणीची बंदूक आणि सीताबर्डीची टेकडी : एका मेळाव्याची पार्श्वभूमी

जुलै २०२० मध्ये नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर खोदकाम सुरू असताना जमिनीखालून चार जुन्या तोफा निघाल्या. अभ्यासकांनी त्यांचा संबंध १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईच्या काळाशी जोडला. तोफा किती लांब, किती जड, कोणत्या बनावटीच्या, याची चर्चा तेव्हा झाली. त्या तोफांभोवती उभी राहणारी माणसे कोण होती आणि नेमके काय करत होती, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुकांच्या हौशी अभ्यासकांनी एकत्र येऊन जुनी कवायत प्रत्यक्ष करून दाखवायची, असे मेळावे जगात अनेक ठिकाणी भरतात, ते याच प्रश्नातून. नागपुरात असा मेळावा भरवायचा तर त्यामागचा इतिहास आधी नीट माहीत हवा.

आपल्याकडच्या इतिहास-प्रात्यक्षिकांत तलवार असते, दांडपट्टा असतो, भाला असतो. मर्दानी खेळांचे आखाडे ही परंपरा मन लावून जपत आहेत. पण अठराव्या शतकातल्या लढाया पाहायच्या तर बंदूक घेतलेला पायदळ शिपाई डोळ्यांसमोर आणावाच लागतो. १७६१ मध्ये पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी काय केले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्या पलटणीतल्या एका शिपायाला एक बार काढायला किती हालचाली कराव्या लागत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. मला ही उणीव फार मोठी वाटते.

तोडेदार, म्हणजे जळत्या वातीने (तोड्याने) पेटवायच्या, बंदुकीचे काम असे चाले. शिंगड्यातली दारू मोजून नळीत ओतायची, वरून गोळी सोडायची, गजाने ठासायची. मग नळीच्या बुडाशी, काण्याजवळच्या (नळीतल्या बारीक भोकाजवळच्या) पेल्यात रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घालायची. जळता तोडा फुंकून त्याचा निखारा जागा करायचा आणि चाप ओढायचा. निखारा रंजकेला लागतो, रंजकेची आग काण्यातून आत जाते आणि बार उडतो. हे सगळे करताना शिपायाच्या एका हातात जळती वात आणि कमरेला दारू असे. चकमकीच्या बंदुकीत तोड्याची जागा ठिणगी पाडणाऱ्या गारेच्या तुकड्याने घेतली. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाला दारू आणि गोळी कागदात गुंडाळून मिळे. कागद दाताने फाडायचा, थोडी दारू पेल्यात, उरलेली नळीत. सुमारे १९ मिलिमीटर व्यासाच्या नळीची ती बंदूक सराईत शिपाई मिनिटाला तीन वेळा झाडू शके. नेम मात्र शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नसे, म्हणून रांगेने उभे राहून एकदम बार काढायचे. कवायत हेच त्या हत्याराचे खरे बळ होते.

ही दोन्ही हत्यारे नागपुरात समोरासमोर आली ती २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी. त्याच महिन्याच्या ५ तारखेला पुण्याजवळ पेशवे आणि कंपनी यांच्यात खडकीची लढाई झाली होती. २४ तारखेला नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे जाहीरपणे स्वीकारली. नागपूर दरबारातला कंपनीचा वकील, रेसिडेंट जेंकिन्स, याने कंपनीची फौज सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर हलवली. दीड हजारांहूनही कमी माणसे, सेनापती कर्नल स्कॉट. समोर भोसल्यांची कितीतरी पट मोठी फौज आणि तिच्यात तोडेदार बंदुका वागवण्यात नावाजलेले अरब. रात्री उशिरापर्यंत गोळीबार चालला आणि पहाटे पुन्हा पेटला. सकाळी अरबांनी धाकटी टेकडी जिंकली. तिथून थोरल्या टेकडीवर मारा सुरू झाला आणि कंपनीची बाजू कोसळायच्या बेतात आली. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाल घोडदळाने मैदानात हल्ला चढवला, आणि धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला. त्या गोंधळात कंपनीच्या पायदळाने संगिनी लावून टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाई संपली होती. कंपनीकडचे मृत आणि जखमी मिळून ३६७ झाले.

या लढाईत मला सर्वांत जास्त खिळवून ठेवते ती मद्रासच्या २४ व्या पलटणीची हकीकत. १८०६ च्या वेल्लोरच्या उठावानंतर कंपनीने मद्रासची पहिली पलटण मोडली आणि तिच्या जागी नवा क्रमांक दिला, चोविसावा. क्रमांक जाणे म्हणजे शिपायाची अब्रू जाणे. सीताबर्डीवर त्या पलटणीची माणसे धाकट्या टेकडीवर पडली. लढाईनंतर पलटणीने आपला जुना क्रमांक परत मागितला आणि तो तिला मिळाला. म्हणजे थोरल्या-धाकट्या टेकडीवर एका बाजूला दक्षिणेतले शिपाई आपली गेलेली अब्रू मिळवायला उभे, दुसऱ्या बाजूला समुद्रापलीकडून पोटासाठी आलेले अरब, आणि दोघांच्या मध्ये नागपूरचे राज्य. अरबांची चिकाटीही विसरता येत नाही. १६ डिसेंबरला जनरल डव्हटनने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केल्यावरही ते शहरातल्या वाड्यात ठाण मांडून बसले आणि महिनाअखेरीस अटी ठरवूनच बाहेर पडले. ‘आपले’ आणि ‘परके’ अशा दोन रांगा लावून हा प्रसंग उभा केला तर त्यातले सत्य हरवते.

पुढे हत्यार बदलले. १८०७ मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथने ठिणगीशिवाय, ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले. त्यातून त्या मसाल्याची टोपी काण्यावर बसवायची टोपीची बंदूक आली. १८५७ ला निमित्त झालेली एनफिल्डची काडतुसे ठासणीच्याच रायफलीची होती. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने मागून भरायची स्नायडर रायफल स्वीकारली आणि ठासणीचा काळ सैन्यापुरता संपला. भारतात त्यावर कायद्याचा घाव बसला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सर्वसामान्य भारतीयाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ठासण्याचे, तोडा वळण्याचे, दारू पारखण्याचे ज्ञान त्यानंतर मुलांपर्यंत पोचायचे थांबले. अपवाद थोडे. कोडगूच्या लोकांना १८६१ पासून सूट मिळत आली आणि तिथे कैलपोढ सणाला आजही बंदुकीची पूजा होते. उदयपूरजवळच्या मेनार गावी होळीनंतर जुन्या लढाईची आठवण म्हणून बंदुकांचे बार काढतात. विदर्भात पीकराखणीच्या परवान्यावर काही ठासणीच्या बंदुका टिकल्या. गडचिरोलीत मात्र भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, म्हटली की पोलिसांना गावकऱ्यांनी जमा केलेली विनापरवाना बंदूक आठवते. मेळाव्याच्या आयोजकांनी ही पार्श्वभूमी मनात ठेवूनच प्रशासनाशी बोलायला हवे.

आता परदेशातल्या मेळाव्यांकडे. १९१३ मध्ये गेटिसबर्गच्या पन्नासाव्या वर्षी दोन्ही बाजूंचे म्हातारे सैनिक त्याच शेतातून पुन्हा चालत गेले. पण ठासणीच्या बंदुकीची चळवळ खऱ्या अर्थाने सुरू झाली ती १९३१ मध्ये, ओहायोतल्या पोर्ट्समथ गावच्या एका नेमबाजीच्या स्पर्धेतून. आजोबांच्या बंदुका माळ्यावर होत्या, त्या चालवणारे हात संपत आले होते. १९३३ मध्ये नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन स्थापन झाली. पुढे फर व्यापाऱ्यांच्या १८२५ ते १८४० मधल्या वार्षिक जत्रांच्या धर्तीवर तंबूंचे मेळावे भरू लागले आणि त्यांत १८४० नंतरची वस्तू चालत नाही, असा दंडक पडला. कपडे, भांडी, दिवा, सगळे त्याच काळातले. ब्रिटनमध्ये ठासणीवाल्यांची संघटना १९५२ मध्ये आली आणि १९७१ पासून आंतरराष्ट्रीय समितीही आहे. जपानचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे, कारण तिथली बंदूक तोडेदार आहे. नागाशिनोच्या १५७५ च्या लढाईची आठवण म्हणून भरणाऱ्या उत्सवात चिलखत घातलेली पथके नोंदणी केलेल्या जुन्या बंदुकांचे पोकळ, म्हणजे गोळीविना, बार काढतात.

एक प्रसंग इथल्या आयोजकांनी बारकाईने पाहावा. १९६१ मध्ये अमेरिकी यादवी युद्धाच्या शताब्दीनिमित्त मनॅसस इथे हजारो प्रेक्षकांसमोर लढाईचे मोठे नाट्य झाले. जिथे माणसे मेली तिथे तमाशा मांडला, अशी टीका झाली. नंतर तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने आपल्या रणभूमींवर आमनेसामने गोळीबाराची नाट्ये बंद केली. कवायत आणि भरून दाखवण्याचे प्रात्यक्षिक चालते, एकमेकांवर नेम धरलेल्या रांगा चालत नाहीत. सीताबर्डीसाठी मला हाच नियम योग्य वाटतो.

सुरक्षिततेचे नियमही या अनुभवातूनच आले. प्रात्यक्षिकात गोळी नाही आणि रांगेत उभे असताना गजही वापरायचा नाही, कारण घाईत नळीत राहिलेला गज गोळीसारखाच सुटतो. नळी माणसांच्या डोक्यावरून वर धरायची. बार फुसका गेला तर बंदूक तशीच धरून थांबायचे, नळीत डोकावायचे नाही. दारू उघड्या पिशवीत नाही, आणि जळता तोडा तिच्यापासून दूर.

नागपूरकरांना इतिहास रस्त्यावर आणायची सवय आहे. १८८० च्या दशकापासून निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत, इंग्रजांना मिळाल्याचा ठपका असलेल्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईंची आठवण लोक आजही सांगतात. जागेचा प्रश्न मात्र अवघड. सीताबर्डीचा किल्ला प्रादेशिक सेनेच्या ११८ व्या पायदळ बटालियनकडे आहे आणि तो लोकांसाठी १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा मोजक्याच दिवशी उघडतो. कायद्याच्या बाजूने १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ महत्त्वाचे. दुरुस्ती करूनही झाडता न येणाऱ्या पुरातन हत्यारांना त्यात सूट आहे. चालू स्थितीतल्या ठासणीच्या बंदुकीला मात्र परवाना लागतोच.

म्हणून सुरुवात लाकडी बंदुकांच्या कवायतीने व्हावी. तोडेदार आणि चकमकीची, दोन्हींच्या हालचाली मोजून, हुकमावर, शेजारी शेजारी करून दाखवायच्या, आणि प्रेक्षकांतल्या मुलांनाही हातात गज देऊन त्या करू द्यायच्या. पुढे कधी खऱ्या दारूचा पोकळ बार काढायचा ठरला, तर शस्त्रांसाठी पोलीस आयुक्तालयाचा आणि दारूसाठी स्फोटकांच्या नियमांचा विचार लागेल. पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे, तेव्हा मसुदा तयार करण्याआधीच तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला घेता येईल.